निदण आणि गाजरगवत



आजच्या शुभवर्तमानातला धनी चाकरांना निदण उपटू देत नाही. सोबत गहूही उपटला जाईल (मत्तय 13:29). हा दाखला माणसांविषयी आहे. माणूस बदलू शकतो, म्हणून देव थांबतो. गाजरगवताला मात्र पश्चात्ताप ठाऊक नाही!

अमेरिका खंडातले हे तण 1950 च्या दशकात पुण्यात आढळले. आज ते देशभर आहे. एका रोपाला हजारो बिया. परागांनी दमा बळावतो, स्पर्शाने अंगाला खाज सुटते, शेजारचे गवत खुंटते. बावखलातली जलपर्णीही दक्षिण अमेरिकेची. फुले सुंदर, पण तिच्या आच्छादनाखाली प्राणवायू घटून मासळी गुदमरते.

परकी म्हणून ही झाडे वाईट नव्हेत. मिरची, पेरू, चिकूही तिकडचेच. प्रश्न आहे तो शेजाऱ्याला जगू देण्याचा.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दफनभूमीतील गाजरगवत काढू. फुलावर येण्याआधी, मुळासकट. हातमोजे आणावेत. दम्याच्या रुग्णांनी कृपया घरीच थांबावे. टाकळ्याला मात्र हात लावू नका. तो गाजरगवताला दाबतो, शिवाय त्याची भाजीही होते.