पूर्वाश्रमीचा आवाज

संन्याशाचे पूर्वाश्रमीचे नाव घेऊ नये, असा संकेत आहे. नवे नाव धारण करणारा जुन्याच्या ऋणातून मुक्त होतो, हे त्यामागील गृहीतक. लोकप्रिय गायकाच्या बाबतीत ते टिकत नाही; कारण त्याचा पूर्वाश्रम ध्वनिमुद्रित असतो.

लंडनमध्ये १९४८ साली जन्मलेले स्टीव्हन जॉर्जिऊ 'कॅट स्टीव्हन्स' या नावाने विशीच्या आतच प्रसिद्धीस आले. १९६९ मधील क्षयाच्या आजारात लाभलेल्या सक्तीच्या एकांतानंतर त्यांची गाणी अंतर्मुख झाली. 'टी फॉर द टिलरमन' (१९७०) हे त्याचे फलित. हे परिवर्तन कोणाला खटकले नाही. कलावंताचा विकास म्हणून बाजारानेही ते सुखाने विकले. १९७७ च्या अखेरीस मात्र त्यांनी इस्लाम स्वीकारला, पुढे युसूफ इस्लाम हे नाव घेतले, गिटारी लिलावात काढल्या आणि रंगमंच सोडला. या दुसऱ्या परिवर्तनात विकण्याजोगे काही उरले नव्हते.

गायकाने गाणे दिले होते, आयुष्य नव्हे; तेव्हा श्रोत्याची तक्रार अनाठायी, असे म्हणता येईल. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी अपुरा आहे. कादंबरीतील 'मी' आणि लेखक यांत अंतर राखण्याची सवय वाचकाला असते. स्वतः रचून स्वतः गाणाऱ्याच्या बाबतीत ते अंतर पुसून टाकणे हीच त्या व्यवसायाची रीत. गाण्याबरोबर प्रांजळपणाही विकला जात असेल, तर तो विकत घेणाऱ्याला केवळ भाबडा ठरवून चालणार नाही.

बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. येथे लेखक जिवंत आहे आणि तोच आपल्या संहितेपासून दूर सरतो. पण लोक त्याला सरू देत नाहीत. १९८९ मध्ये सलमान रश्दी यांच्यावरील फतव्यासंबंधीची युसूफ यांची विधाने त्याचे समर्थन म्हणून घेतली गेली. आपण तसे समर्थन केले नव्हते, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर 'टेन थाउजंड मॅनिॲक्स' या अमेरिकन वाद्यवृंदाने आपल्या १९८७ च्या संग्रहाच्या अमेरिकेतील नव्या आवृत्त्यांतून 'पीस ट्रेन' हे त्यांचे गाणे वगळले. जे गाणे गाणे त्यांनी स्वतःच सोडले होते, त्यालाच त्यांच्या शब्दांचे प्रायश्चित्त घ्यावे लागले! विधानांविषयीचा निषेध समजण्याजोगा आहे. तथापि तरुण स्टीव्हन्सला त्यात आरोपी करायचे, तर दोघांचे ऐक्य आधी सिद्ध करावे लागेल; आणि ते सिद्ध झाले, तर युसूफ यांचा त्या गाण्यांवरील अधिकारही मान्य करावा लागेल.

२००६ मध्ये ते 'ॲन अदर कप' घेऊन परतले. २०२० साली 'टी फॉर द टिलरमन' पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित झाले. 'फादर अँड सन' या गाण्यात पूर्वी त्यांनी बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका गायल्या होत्या. नव्या रूपात बापाच्या ओळी सत्तरी ओलांडलेले युसूफ गातात. घर सोडू पाहणाऱ्या मुलाच्या जागी मात्र १९७० सालचा त्यांचाच आवाज ठेवला आहे.