महालिंगाचा परिवार आणि आपले घर



तमिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले की आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर हे गाव येते. या क्षेत्राचे संस्कृत नाव मध्यार्जुन. उत्तरेला श्रीशैलमचा मल्लिकार्जुन, दक्षिणेला तिरुप्पुडैमरुदूरचा पुटार्जुन आणि दोघांच्या मधला म्हणून हा मध्यार्जुन. तिन्ही क्षेत्रांचे नाते अर्जुनवृक्षाशी आहे. तमिळमध्ये त्याला मरुदम म्हणतात आणि गावाच्या नावातही तोच दडला आहे. आयुर्वेदात अर्जुनाची साल हृदयासाठी सांगितली आहे. (म्हणून कुणी दुकानातून सालीची पूड आणून वडिलांच्या बीपीच्या गोळ्या बंद करू नयेत. वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून मगच काय ते ठरवावे.)

या क्षेत्राची एक विशेष गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. इथले महालिंगस्वामी एकटे नाहीत. शैव परंपरेत असे मानतात की महालिंग हे मधले गर्भगृह आणि भोवतालची क्षेत्रे हा त्यांचा परिवार. तिरुवलंचुळीचा गणपती, स्वामिमलैचा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय, तिरुवावडुतुरैचा नंदी, आलंगुडीचे दक्षिणामूर्ती, सूर्यनार कोविलचे नवग्रह, शीर्काळीचा भैरव, पार तिकडे चिदंबरमचा नटराज. एकाच देवळाच्या आवारात जे देव असायचे, ते इथे गावोगावी पसरले आहेत. प्रत्येकाचे गाव वेगळे, उत्सव वेगळा, नैवेद्य वेगळा. तरीही परिवार एकच.

आपल्या घराकडे या दृष्टीने पाहा. ‘संपूर्ण आरोग्य’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. घरातला मुलगा जिमला जातो, मुलगी मोबाइलवर पाहून योगासने करते, बाबांनी साखर सोडली आहे, आजोबा पहाटे प्राणायाम करतात. प्रत्येक जण आपापल्या परीने निरोगी व्हायला निघाला आहे. पण कुटुंब म्हणून आपण निरोगी आहोत का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळ्यांनी एकच आहार, एकच व्यायाम करावा असे मुळीच नाही. सत्तरीच्या आजोबांना आणि दहावीच्या नातवाला एका मापाने मोजून चालणार नाही. नंदीने मुरुगनासारखे का असू नये, असे कुणी विचारते का? प्रश्न मधल्या गाभाऱ्याचा आहे. दिवसातून एकदा तरी सगळे एका ठिकाणी येतात का? सायंप्रार्थनेची दहा मिनिटे, किंवा एक वेळचे जेवण, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. एवढे जमले तरी गाभारा उभा राहिला असे समजा.

त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही, हेही सांगायला हवे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण आरोग्याच्या नावाखाली घरात येणाऱ्या वस्तूंचा जमाखर्च माझ्या डोळ्यांपुढे पटकन उभा राहतो. पावले मोजणारे घड्याळ, तेलाविना तळणारे यंत्र, प्रोटीनचे डबे. याच देवळाच्या पूर्व दारात पट्टिनत्तार हे विरक्त संत बसत आणि पश्चिम दारात त्यांचे शिष्य भद्रगिरियार. कथा अशी की एक भिक्षेकरी पट्टिनत्तारांकडे आला. ते म्हणाले, माझ्याजवळ काही नाही, त्या दारात एक संसारी बसला आहे त्याच्याकडे जा. शिष्याचा संसार केवढा? भिक्षेचे एक भांडे आणि सोबतीला एक कुत्रे! या मापाने आपण किती संसारी ठरू, ते स्वयंपाकघरातले वरचे कप्पे उघडून पाहावे.

देवळाच्या सर्वांत बाहेरच्या प्राकारात प्रदक्षिणा केली तर अश्वमेधाचे पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे. मन अस्वस्थ असलेली माणसे इथे मुद्दाम प्रदक्षिणेला येतात, बहुधा घरच्यांसोबत. अस्वस्थ माणसाबरोबर कुणीतरी चालते आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली होतीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज वीस-पंचवीस मिनिटे भरभर चालले की तो हिशेब जुळतो. घरातल्या दोघा-तिघांनी मिळून चालावे. मुले समोरासमोर बसून जे बोलत नाहीत, ते शेजारी चालताना बोलतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

तिरुविडैमरुदूरशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंहराजे १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर याच गावी येऊन राहिले. याच घराण्यातली अम्मणी नावाची एक स्त्री. प्रतापसिंहाशी विवाह व्हावा म्हणून तिने महालिंगस्वामींना लक्षदीपांचा नवस केला. नवस फळला. तिने दिवे लावले आणि त्या लाखांतला एक दिवा म्हणून स्वतःचीच धातूची मूर्ती देवापुढे उभी केली. दोन्ही हातांत पणती धरलेली ही दीपलक्ष्मी महालिंगस्वामींच्या देवळात आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीला ‘पावै विळक्कु’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील ही मूर्ती त्या भागातल्या मराठी भक्तीची फार सुंदर खूण आहे.

धातूची मूर्ती थकत नाही. आपल्या घरात मात्र जी दिवा धरून उभी असते, ती हाडामांसाची आहे. सगळ्यांच्या पथ्याचे ती सांभाळते. सासऱ्यांची अळणी भाजी वेगळी काढते, मुलाच्या डब्यात मोड आलेली कडधान्ये भरते, नवऱ्याला गोळीची आठवण करते. आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले, गार झालेले, उभ्या-उभ्या खाते. भाजी संपली असेल तर चटणी-भाकरी. त्यावर लगेच चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. याच वयाच्या पुरुषांत देशभरात ते २५ टक्के आहे. याला पाळी, बाळंतपणे अशी शारीरिक कारणे आहेतच, पण पानात काय पडते आणि कधी पडते, हेही कारण आहे. ज्या घरातल्या चौघांनी आरोग्याचा संकल्प केला आणि पाचवी त्या संकल्पाचे ओझे वाहते आहे, त्या घराला संपूर्ण निरोगी कसे म्हणावे?

काहींना वाटेल, आईने शेवटी जेवणे ही तर आपली परंपरा, तिचा त्याग. साधकहो, परंपरेतच याचे उत्तर आहे. तिरुविडैमरुदूरजवळच तिरुविशनल्लूर गाव आहे. शहाजीराजे भोसले यांनी ते विद्वानांना वसवून दिले. तिथले श्रीधर अय्यावाळ महालिंगस्वामींचे निस्सीम भक्त. त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना दारात एक भुकेला माणूस आला. गावाच्या रीतीने ज्याला ते अन्न देणे निषिद्ध, असा तो माणूस. अय्यावाळांनी त्याला आधी जेवू घातले. गावाने प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले, तेव्हा त्यांच्या विहिरीतच गंगा उसळली अशी कथा आहे, आणि कार्तिगै अमावास्येला लोक आजही तिथे स्नानाला येतात. आपल्या पैठणच्या नाथमहाराजांची कथाही अगदी अशीच. श्राद्धाच्या पानावर कोण आधी बसणार, हा क्रम या संतांनी भुकेपुढे मोडला. मग आपल्या स्वयंपाकघरातला क्रम इतका पवित्र कसा झाला?

म्हणून घरातल्या पुरुषांना आणि मुलांना विनंती आहे. एक वेळचे जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या, म्हणजे तीही पहिल्याच पंगतीला बसेल. गरम पोळीचा आग्रह सोडा. भांडी ताटाजवळ मांडून ठेवली की प्रत्येकाला हाताने वाढून घेता येते. पालेभाजी, नाचणी, डाळी, वर लिंबू हे तिच्या पानात मोजून पडू दे. चहा जेवणानंतर तासाभराने, कारण लगेच घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासता येते. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि तिची झोप. पहाटे सर्वांत आधी उठणारी रात्री सर्वांत शेवटी झोपत असेल, तर मागची आवराआवर दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायची.

भगिनींनाही सांगायचे आहे. ‘मला भूक नाही, तुम्ही घ्या’ हे वाक्य आठवडाभर बोलू नका. अवघड जाईल, पहिले दोन दिवस अपराध्यासारखेही वाटेल.

या देवळात एक रीत आहे. वरगुण पांड्याला लागलेली ब्रह्महत्या पूर्व दाराशी त्याची वाट पाहत बसली, म्हणून देवाने त्याला दुसऱ्या दाराने जायला सांगितले. आजही अनेक भाविक आले त्या दाराने परत जात नाहीत. घरात सवयी बदलताना हीच युक्ती कामी येते. जेवणाच्या टेबलावर मोबाइल येत असेल तर चार्जरच दुसऱ्या खोलीत लावावा. जेवण झाल्यावर बाबांचा हात तंबाखूच्या डबीकडे जात असेल तर तेवढ्या वेळी त्यांच्या हाती नातवंडाचा हात देऊन शतपावलीला निघावे. तंबाखू सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मदत मिळते.

पुढच्या कौटुंबिक सत्संगात प्रत्येक घराने एवढेच सांगायचे आहे: गेल्या सात दिवसांत आई किती वेळा सगळ्यांबरोबर पानावर बसली. आकडा मुलांनी सांगावा.