न फिरकलेला वर्गमित्र

दिवाळी झाली किंवा मे महिना लागला की सातारा-सांगलीकडे माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांना ऊत येतो. फेटे बांधले जातात, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ मिळतं, आणि जेवताना एखाद्या गैरहजर दोस्ताचं नाव हमखास निघतं. "तो कशाला येतोय आता? मोठा माणूस झाला!" बोलणाऱ्याचा सूर दुखावलेला असतो. मला अशा वेळी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा एक माजी विद्यार्थी आठवतो. त्याच्याइतका मोठा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या बॅचमधून निघाला असेल असं वाटत नाही, आणि त्याच्याइतका न फिरकलेलाही.

फरोख बलसारा. १९४६ साली आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी घरात जन्मलेला. वडील तिथल्या ब्रिटिश अमलाखालच्या कोर्टात रोखपाल. पोरगा आठ वर्षांचा झाला तशी त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून घाट चढून पाचगणीच्या बोर्डिंगात पाठवलं. आई-बाप समुद्रापलीकडे, म्हणून बऱ्याच सुट्ट्याही मुंबईच्या नातेवाइकांकडे. वरचे दात पुढे आलेले, त्यामुळे पोरांनी नाव ठेवलं 'बकी'. टेबल टेनिसमध्ये तरबेज, बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरणारा, पण खरा ओढा पियानोचा. रेडिओवर गाणं एकदा ऐकलं की हा ते पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगत आलेत.

१९५८ च्या सुमाराला पाच जणांनी मिळून शाळेत बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गाणार, डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर. फरांग इराणीकडे बास, म्हणजे चहाचं रिकामं लाकडी खोकं, त्याला काठी आणि काठीला ताणलेली एकच तार. फरोख मागे पियानोवर. पुढे वेम्ब्लीच्या मैदानात सत्तर-बहात्तर हजार लोकांना एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावणारा हा माणूस शाळेच्या बँडचा मुख्य गायक नव्हता, ही गोष्ट मला फार आवडते. एल्विस आणि क्लिफ रिचर्डची गाणी वाजवायची, शाळेच्या समारंभात धमाल उडवायची आणि हॉस्टेलवर परत यायचं.

शाळा सोडून तो झांझिबारला परतला आणि थोड्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे क्रांतीचा भडका उडाला. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वस्त्यांवर हल्ले झाले, हजारो माणसं मारली गेली. बलसारा कुटुंब हाताला लागेल तेवढं घेऊन इंग्लंडला निघालं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात त्यांनी बस्तान मांडलं. ब्रिटिश नागरिकत्व होतं, त्यामुळे कायद्याच्या भाषेत त्यांना निर्वासित म्हणता येणार नाही. पण रातोरात घर सोडावं लागलेल्याला पासपोर्टचा रंग कितीसा धीर देत असेल?

सतरा वर्षांचा मुलगा. कला महाविद्यालयात शिकला, विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं, जुने कपडे विकले. १९७० मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला आणि आडनावाच्या जागी मर्क्युरी आलं. पुढचं जगाला ठाऊक आहे. झांझिबार, पाचगणी यांतलं काहीच त्याच्या बोलण्यात फारसं येईना. वर्गमित्रांशीही दुवा सुटत गेला.

त्याने सगळंच टाकलं असं मात्र नाही. 'फ्रेडी' हे नाव त्याला पाचगणीतच मिळालं होतं. आडनाव त्याने स्वतः निवडलं, पण पहिलं नाव हॉस्टेलच्या पोरांनी तोंडी रुळवलेलंच ठेवलं. आई-वडीलही पुढे त्याच नावाने हाक मारू लागले.

हेक्टिक्सचे बाकीचेही दूरदूर पांगले. डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. १९८५ च्या 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' या चित्रपटात तो आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्यावर पोचला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. फरांग इराणींनी पुण्यात रेस्टॉरंट चालवलं. नोव्हेंबर १९९१ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, फ्रेडी गेला. तेव्हापासून चरित्रकार आणि पत्रकार पाचगणीची वाट विचारत याच मित्रांच्या दारात आले. त्याने फारसं न सांगितलेलं त्याचं बालपण जगाला कळलं ते यांच्याकडून. यांना त्याच्याकडून पत्र येत होतं की नाही, याचा हिशेब ते लावत बसलेले दिसत नाहीत. मैत्री दोन्ही बाजूंनी चालली तरच ती मैत्री, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. एखाद्याचा खोडकरपणा, त्याचं टोपणनाव, त्याने वाजवलेलं पहिलं गाणं जपून ठेवायला त्याची परवानगी लागत नाही.

तरीही प्रश्न उरतोच की त्याने मागे वळून का पाहिलं नाही. यशाने डोकं फिरलं, हे उत्तर फार सोपं आहे. याच मुलखात दुसरं एक उदाहरण आहे. मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळीवडे स्टेशन लागतं. दुसऱ्या महायुद्धात इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली ही माणसं इराणमार्गे १९४३ मध्ये इथे आली आणि १९४८ पर्यंत राहिली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. त्यांच्यातल्या आजाऱ्यांना हवापालटासाठी धाडत ते पाचगणीलाच. पुढे ती मुलं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पोलंड अशी विखुरली. पण त्यांनी लंडनमध्ये 'भारतातल्या पोलिशांची' संघटना काढली, संमेलनं भरवली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, आणि २०१९ मध्येही त्यांतले काही वृद्ध कोल्हापूरला येऊन गेले. त्यांच्यात मोठे झालेले कमी नव्हते. कवी म्हणून आणि कॅनडात प्राध्यापक म्हणून नावाजलेला बोगदान चायकोव्स्की लहानपणी भारतातल्या याच निर्वासितांत होता.

ही मुलं उखडली गेली ती एकत्र. वर्ग आणि वनवास दोन्ही एकाच बाकावर. भेटल्यावर कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. फ्रेडीचं तसं नव्हतं. झांझिबारमधून पळालेली गुजराती, पारशी, खोजा कुटुंबं इंग्लंडात त्याच्या आसपासच होती, पण त्यांतल्या कुणी त्याच्यासोबत चहाच्या खोक्याचा बास वाजवला नव्हता. आणि ज्यांनी वाजवला होता त्यांच्यापैकी कुणालाही त्या जानेवारीत घर सोडून पळावं लागलं नव्हतं.