पहिल्या हंगामाचे ऋण

इंदूरच्या नेहरू स्टेडियमच्या परिसरात काँक्रीटची एक उंच बॅट उभारलेली आहे. १९७१ साली भारतीय संघाने परदेशात जे विजय मिळविले त्यांचे ते स्मारक असून तीवर त्या खेळाडूंच्या सह्या कोरलेल्या आहेत. विजयाचे स्मारक व्हावे ह्यात गैर काहीच नाही. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत रणजी करंडकाची अंतिम फेरी दहा वेळा गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. त्यामुळे ह्या बाजूच्या लोकांना जिंकण्याची सवय जडली असल्यास नवल नाही. परंतु ज्याला जिंकण्याची सवय असते त्याला प्रारंभीच्या पराभवाचा न्याय करणे अवघड जाते. हातोदसारख्या लहान गावी देखील आपण हे पाहतो. नवा संघ उभा राहतो, पहिल्या वर्षी चार ठिकाणी जाऊन हरून येतो, आणि दुसऱ्या वर्षी वर्गणी मागावयास गेले म्हणजे दार उघडणारा गृहस्थ विचारतो, ‘मागच्या वर्षी काय दिवे लावलेत?’ हा प्रश्न खेळाडूंना विचारावयाचा की विचारणाऱ्यालाच उलट विचारावयाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी उदाहरण घेतो ते १९११ सालचे. त्या वर्षी अखिल भारतीय म्हणविणारा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडास गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस, हे कर्णधार. संघात पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते. आणि हिंदूंमध्ये पालवणकर बाळू व शिवराम हे दोघे चर्मकार बंधू होते. दौऱ्याचा आकडा सांगावयाचा तर २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. त्यांतील पहिल्या दर्जाचे १४ सामने वेगळे काढले तर चित्र आणखी काळवंडते: दोन जिंकले, दहा हरले. महाराज मोजकेच सामने खेळले. त्या उन्हाळ्यात पंचम जॉर्ज बादशहांचा राज्याभिषेक होता, आणि दरबारी कर्तव्ये क्रिकेटपेक्षा निकडीची होती. केखुश्रू मिस्त्री हा संघातील उत्तम फलंदाज महाराजांच्या परिवारात असल्याने बहुतेक काळ त्यांच्यासवेच गुंतून पडला. परका देश, अपरिचित खेळपट्ट्या, एकामागून एक लागलेले सामने आणि नसल्यासारखा कर्णधार! एखाद्या संघाचा पहिला हंगाम ह्याहून खडतर कल्पिणे कठीण.

ह्याच हंगामात बाळूंनी ११४ बळी घेतले. प्रत्येक बळीमागे धावा एकोणिसांहूनही किंचित कमी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीला पोचले होते आणि खांदा दुखत होता. शिवरामांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक केले आणि तो सामना संघाने एका गड्याने जिंकला. पंधरा पराभवांच्या त्या वहीत ही पाने आहेत. जो केवळ शेवटची बेरीज वाचतो त्याला ती दिसत नाहीत.

आम्हां वकील मंडळींना एक गोष्ट पहिल्या दोन वर्षांतच कळून चुकते, ती ही की खरे बोलणारा साक्षीदार हा न्यायाधीश नसतो. धावफलक हा असाच सत्यवचनी साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही, पण विचारल्यावाचून काही सांगत नाही. आणि ‘कोण जिंकले?’ एवढाच प्रश्न आपण त्याला घालतो. ‘कोणी भार वाहिला?’ हा प्रश्न घातला असता १९११च्या हंगामाचे उत्तर वेगळे येते. परंतु मला ह्याही पलीकडे जावयाचे आहे. ज्याने भार वाहिला त्याचे आपण काय देणे लागतो?

बाळूंचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगणे अवश्य आहे. घराण्याचे नाव कोकणातील पालवण गावावरून आलेले, वडील फौजेत. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत, जाळी बांधीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेगसाहेब आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देत असत, असे सांगतात. शेकडो चेंडू टाकून हात तयार झाला. बॅट मात्र त्या मैदानावर कोणी हाती दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांवर मात करावयाची होती. ह्या हाताशिवाय ते साधणार नाही असे दिसताच वाद झाले आणि अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्व सारखे. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा तंबूबाहेर येई, तोही फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. तो बाळूंच्या बोटांतून सुटे, यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तेथून स्लिपमधील कोणा शास्त्रीपुत्राच्या हाती, आणि फिरून बाळूंकडे येई. दिवसभरात तो शंभर वेळा असा फिरला तरी कोणाला स्नान करावे लागले नाही. विटाळ फक्त कपाला होता! ज्या वस्तूवाचून आपले अडते तिला विटाळ नसतो आणि जिच्यावाचून अडत नाही तिला तो असतो, हा नियम कोणत्या स्मृतीत सांगितला आहे हे मला तरी ठाऊक नाही.

पुढे बाळू मुंबईस गेले, रेल्वेत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. नंतर आला तो इंग्लंडचा हंगाम. तेथून परत आल्यावर त्यांचा सत्कार झाला, कौतुक झाले. कर्णधारपद तेवढे मिळाले नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही.

ह्यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो, आणि त्याला टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. कर्णधाराला गोलंदाजीखेरीज इतर गुण लागतात. बाळूंना डावलण्यामागे जातच होती ह्याला पुरावा काय? प्रत्यक्ष पुरावा असल्या बाबतींत क्वचितच असतो, कारण निवड समितीच्या टिपणात कोणी तसे लिहून ठेवीत नाही. परंतु कायद्यात एक गोष्ट फार मोलाची मानतात. स्वतःच्या हिताविरुद्ध माणूस जे कबूल करतो ते सहसा खोटे नसते. १९१३ साली हिंदू संघाचे कर्णधारपद मुकुंद दामोदर पै ह्यांच्याकडे आले. १९११च्या त्या कष्टप्रद दौऱ्यात ते बाळूंचे सोबती होते. आपल्याच सत्काराच्या वेळी पैंनी जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. मान ज्याच्या गळ्यात पडला आहे त्यानेच तो दुसऱ्याचा आहे असे म्हणावे, ह्याहून बळकट साक्ष कोणती? पैंना हे कसे दिसले, ह्याचे माझ्यापुरते उत्तर असे की ते त्या हंगामात हरले होते. कोण मोडून पडतो आणि कोण दुखऱ्या खांद्याने पुन्हा चेंडू हाती घेतो, हे पंधरा वेळा बरोबरीने हरलेल्या माणसालाच ठाऊक असते. जिमखान्याच्या आरामखुर्चीवरून ते दिसत नाही.

१९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी गोष्ट विकोपाला गेली. पै आजारी होते, बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद देवधरांना देण्यात आले. देवधर हे श्रेष्ठ खेळाडू होते ह्यात वाद नाही. वाद त्यांच्याविषयी नव्हताच. विठ्ठल आणि शिवराम ह्या बंधूंनी निषेध म्हणून अंग काढून घेतले आणि आपले म्हणणे प्रसिद्ध केले. पुष्कळ चर्चा झाली. पै बरे होऊन परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा नेतृत्व बाळूंच्या हाती आले. पै मुद्दाम बाहेर गेले किंवा कसे हे ठरविण्याचे कारण नाही. ते बाहेर गेले एवढे खरे. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. १९४८ साली त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. क्रिकेटविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी ते मिळवून वाचावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अपयशी माणसाचे समाधान करावयाचे झाले की आपण गीतेचा आश्रय घेतो: कर्म करावे, फलाची आशा धरू नये. उपदेश थोर आहे. पण तो कोणाला केलेला आहे हे पाहावयास नको काय? तो कर्त्याला केलेला आहे. ज्याच्याकडून फल यावयाचे त्याला तो केलेला नाही. मजुराने मजुरीची आसक्ती ठेवू नये असे शास्त्र सांगत असेल, पण मालकाने मजुरी देऊ नये असे ते सांगत नाही! बाळू तक्रार न करता खेळत राहिले ही त्यांची निष्कामता. तिचे श्रेय त्यांचे. त्या निष्कामतेच्या आडोशाने जिमखान्याने जे देणे थकविले त्याला निष्कामता हे नाव देता येणार नाही.

दुसरे असे की पराभव वाटून घेतला जातो तेथे लाभही वाटून द्यावा लागतो. १९३२च्या भागीदारी अधिनियमात निराळा करार नसेल तर नफा सारखा वाटावा आणि तोटाही सारखा सोसावा असे म्हटले आहे. संघ हरला तेव्हा वृत्तपत्रांनी ‘भारतीय’ हरले असे लिहिले. त्या शब्दात बाळू होते. हिंदूंनी युरोपियनांस जिंकले तेव्हा ‘हिंदू’ जिंकले. त्याही शब्दात बाळू होते. मग हा भागीदार फक्त दप्तरातच भागीदार होता काय? देवळाच्या उत्सवात पालखीला खांदा देणारा, रात्रभर मांडव राखणारा आणि प्रसादाच्या पंक्तीच्या वेळी दाराशी उभा राहणारा माणूस आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांना भेटावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणास लावावे लागले. क्रिकेटच्या मैदानावर ह्याच नाट्याचा एक अंक चालू होता, इतकेच.

आपल्याकडे देव, ऋषी आणि पितर ह्यांची तीन ऋणे सर्वांना तोंडपाठ असतात. शतपथब्राह्मणात चौथे एक ऋण सांगितले आहे, मनुष्यांचे. ते फेडण्याचा जो मार्ग तेथे दिला आहे तो यज्ञाचा नव्हे आणि अध्ययनाचाही नव्हे. माणसाला आसरा द्यावा आणि अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते. हे वाचताना मला तो तंबूबाहेरचा चहा आठवल्यावाचून राहत नाही. तीन ऋणे फेडण्यात दक्ष असलेल्या समाजाने चौथे ऋण मातीच्या भांड्यात ओतून बाहेर पाठविले, आणि तेही ज्याच्या हाताने त्याने विजय मिळविले त्याचे!

१९३२चे वर्ष मला ह्या संदर्भात विलक्षण वाटते. त्या जूनमध्ये भारत लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळला. पोरबंदरचे महाराज दौऱ्याचे कर्णधार होते; पण आपला खेळ त्या तोडीचा नाही हे ओळखून ते बाजूला झाले आणि १९२३ पासून होळकरांच्या पदरी इंदुरास राहिलेले कोट्टारी कनकय्या नायडू ह्यांनी नेतृत्व केले. सामना १५८ धावांनी हरलो. त्या पराभवाची लाज आज कोणाला वाटते? पहिल्या खेपेचा पराभव म्हणून आपण तो प्रेमाने सांगतो, आणि जागा सोडणाऱ्या महाराजांचेही कौतुक करतो. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. संयुक्त मतदारसंघ मान्य करून अस्पृश्य वर्ग हिंदू समाजातच राहील असे ठरविणाऱ्या त्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत ‘पी. बाळू’ ही एक आहे. ज्या समाजाने त्यांना पंक्तीत घेतले नाही त्या समाजाच्या एकत्वाला त्यांनी सही दिली. ते बरोबर होते की चूक, ह्याविषयी मतभेद होते आणि आजही आहेत. १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. मतदारांचा कौल मला समजू शकतो. पण ती सही पाहिली म्हणजे असे वाटते की विश्वास टाकण्याचे काम त्यांनी आपल्या बाजूने पुरे केले होते. राहिले होते ते समोरच्या पक्षाचे.

राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० साली नष्ट झाली. ती कागदावर नष्ट झाली असल्यामुळे शिक्षेची तरतूद करणारा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जून १९५५ पासून अमलात आणावा लागला. त्याच्या चौथ्या कलमात उपाहारगृहे व धर्मशाळा ह्यांतील सर्व लोकांच्या उपयोगासाठी ठेवलेल्या भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती वापरण्यास कोणाला अडथळा केल्यास तो गुन्हा ठरविला गेला. संसदेला कपबशीची दखल घ्यावी लागली. पालवणकर बाळू मुंबईत निवर्तले ते त्याच वर्षी, ४ जुलै रोजी.