ठेवलेले वाद्य पुन्हा हाती घ्यावे का?

सज्जनहो, आमच्या लोणंद भागातल्या एका गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. हे गृहस्थ तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवीत. पुढे त्यांनी माळ घातली, वारी धरली आणि वाद्य पेटीत बंद केले. त्याला आता तीस वर्षे होत आली. मुले मार्गी लागली, हाताशी वेळ आहे आणि ते वाद्य पुन्हा वाजवावेसे वाटते. पण मन खाते. ते म्हणाले, "महाराज, सोडलेले पुन्हा धरायचे म्हणजे ओकलेले गिळण्यासारखे नाही का?"

प्रश्न एका वाद्याचा दिसतो, पण तो त्यागाचा आहे. म्हणून आधी हे पाहू, की माळ घालताना सुटले काय? वरातीतली रात्रीची जागरणे, तिथली संगत, तिथले पेय हे सुटले. ते सुटायलाच हवे होते. वाद्य त्या संगतीत होते, म्हणून तेही बाजूला पडले. पण वाद्याने कधी कोणाला दारू पाजलेली नाही. दोष संगाचा आणि शिक्षा पितळेला, हा न्याय झाला का?

कोणी म्हणेल, वाद्यच परके आहे. खरे आहे. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स नावाच्या कारागिराने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. पण गावोगावच्या देवळांत जी पेटी वाजते, तिचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलेले आहे. दोघांत अंतर चार वर्षांचे. ही पेटीही सहज स्वीकारली गेली नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज तिच्या सुरावर आपण अभंग म्हणतो. मंगळुरूकडचे कद्री गोपालनाथ हे नागस्वरम वाजवणाऱ्याचे पुत्र. त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि आयुष्यभर त्यावर कर्नाटक संगीतातल्या भक्तिरचना वाजवल्या. वाद्य कुठून आले याला महत्त्व नाही. ते कोणाच्या चरणी वाहिले, हे पाहावे.

आपल्या संतांकडे पाहा. सावतोबांनी मळा सोडला नाही, सेनामहाराजांनी धोपटी टाकली नाही, नरहरी सोनारांची हातोडी सुटली नाही. गोरोबाकाकांची कथा तर तुम्हाला पाठ आहे. पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात सगळ्यांनी हात उंचावले, तेव्हा काकांनी थोटे हात वर केले आणि त्यांना हात फुटले. विचार करा, हे हात कशासाठी मिळाले? हरिनामाला टाळी वाजवण्यासाठी. पण म्हणून पुढे काका मडकी घडवायचे थांबले, असे कोणी सांगत नाही. टाळी वाजवणारे हात आणि चाक फिरवणारे हात वेगळे नसतात.

आता एक दूरची हकीकत सांगतो. अमेरिकेतले मोठे सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स, यांचा जन्म १९३० चा. ऐन कीर्तीत असताना १९५९ साली त्यांनी मंचावर वाजवणे थांबवले आणि न्यूयॉर्कच्या एका पुलावर एकटेच तासन्‌तास सराव करीत राहिले. पुन्हा मंचावर आले ते १९६१ साली. १९६९ च्या सुमारास दुसऱ्यांदा थांबले, तेव्हा आपल्या मुंबईत, पवईच्या एका आश्रमात काही महिने राहून योग शिकले. तिथे आसनावर बसून ध्यान जमेना. तेव्हा वाजवणे हेच तुमचे ध्यान, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ते परत गेले आणि पुन्हा वाजवू लागले. उतारवयात फुप्फुसाच्या आजाराने ते वाद्य कायमचे सुटले, तेही त्यांनी शांतपणे स्वीकारले. कळायचे ते हे, की धरणे आणि ठेवणे ही दोन्ही साधनाच असू शकतात.

मग धोका कुठे आहे? धोका तुलनेत आहे. तीस वर्षे बंद राहिलेल्या वाद्याच्या झडपांखालच्या गाद्या सुकतात, वारा गळतो. वाजवणाऱ्याचेही तसेच. बोटांना जागा आठवतात, पण ओठांची ताकद गेलेली असते आणि दम पुरत नाही. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही. आवाज गेला की काय वाटते, ते मला ठाऊक आहे. मन म्हणते, पूर्वी मी असा होतो. हा 'पूर्वीचा मी' परत आणायला जो वाद्य उघडतो, तो दुःखच उघडतो. त्याने पेटीला हात न लावलेला बरा.

पण परतण्याची दुसरी रीत आपल्याला माहीत आहे. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे-येणे आहे. माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला येते, तेव्हा दिंड्यांत असा एखादा दिसतोच, ज्याची वारी दहा-पंधरा वर्षे घडलेली नसते. चुकलेल्या वर्षांचा हिशेब त्याला कोणी विचारत नाही. तो मागच्या ओळीत उभा राहतो, शेजारच्याचे पाऊल पाहतो आणि टाळ उचलतो. चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणापर्यंत त्याचे पाऊल ठेक्यात आलेले असते.

तेव्हा त्या गृहस्थांना मी सांगितले ते असे. वाद्य जरूर उघडा. दिंडीत मात्र आणू नका. तिथे टाळ, वीणा, मृदंग यांची शिस्त आहे आणि ती मोडण्यात भक्ती नाही. घरी, हरिपाठ झाल्यावर अर्धा घटका बसा. एकच सूर लांब धरा, दम संपेपर्यंत. सूर फाटला तर फाटू द्या, ऐकणारा विठोबा आहे आणि त्याला तुमचे तरुणपण माहीत आहे. ज्या दिवशी कोणी वाहवा करावी असे वाटू लागेल, त्या दिवशी चार दिवस पेटी बंद ठेवा.

वाचकहो, तुमच्याही घरी माळ्यावर असे काही ठेवलेले असेल. वाद्य असेल, वही असेल, एखादा हुन्नर असेल. ते सोडले होते की नुसते ठेवले होते, एवढे स्वतःला विचारून पाहा.

रामकृष्णहरी.