रात्रीचा आवाज

वर्धा जिल्ह्यातील गावांत इशाच्या नमाजनंतर कडुलिंबावर पिंगळा कलकलू लागला की आपल्याही घरांत कुणीतरी म्हणतेच, "अपशकुन!" घुबडाशी जोडलेला 'हामा'चा अरबी समज प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट नाकारला, आम्ही मात्र तो उंबरठ्याच्या आत घेतला. या भीतीपायी घुबडे मारली जातात.

पिंगळ्याचाच भाऊबंद रानपिंगळा १८८४ नंतर नामशेष मानला गेला. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला. जंगलतोडीमुळे आजही संकटात आहे.

कुरआनच्या दृष्टीने पक्षी आपल्यासारखेच समुदाय आहेत (६:३८), आणि त्यांची तसबीह आपल्याला उमगत नाही (१७:४४). मग न उमगलेल्या आवाजावर दगड उचलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

परवा मुलाने विचारले, "अब्बा, कोण ओरडतंय?" बॅटरी घेऊन अंगणात गेलो. फांदीवर पांढऱ्या भुवयांचा, मैनेएवढा जीव बसला होता.