सुधारलेल्या मुलाला कामावर कोण घेणार?

चेन्नईहून बेंगळुरूकडे निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. ह्युंदाईचा मोटारींचा कारखाना इथलाच. शिफ्ट सुटली की गळ्यात ओळखपत्र अडकवलेली विशी-बाविशीची पोरं कंपनीच्या बसमध्ये चढतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी टोळीच्या नादी लागून गुन्हा केलेला, पुढे सुधारून बाहेर आलेला मुलगा या बसमध्ये दिसेल का? कैद्याच्या सुधारणेचा विचार मी याच प्रश्नावर तपासतो.

हा विचार या भागाला नवा नाही. इरुंगाट्टुकोट्टै ज्या जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात होतं, तिथं 1887 मध्ये मुलांसाठी सरकारी सुधारशाळा निघाली. तेव्हा उद्देश एवढाच की कोवळी पोरं सराईत कैद्यांच्या संगतीत सडू नयेत. 1920 मध्ये मद्रास प्रांताने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, देशातला पहिला. मुंबईचा कायदा आला 1924 मध्ये. मग तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठी बोर्स्टल शाळा आल्या. तिथं शिस्त होती, हाताला काम होतं. पण मुलगा आतून बदलला की नुसता मुकाट झाला, हे शिस्तीवरून कळत नाही.

मला वाटतं, पुढचं खरं पाऊल आपल्या आटपाडीजवळ पडलं. औंध संस्थानाने 1939 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूरची खुली वसाहत वसवली. तिला भिंती नव्हत्या. खुनासाठी शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करत आणि बायकापोरांसह राहत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) याच प्रयोगावरून सुचला. सुधारायचं तर आधी कुणीतरी विश्वास टाकावा लागतो, हे तिथं प्रत्यक्षात दिसलं.

पण विश्वास टाकला तरी बदलायचं ज्याचं त्यालाच असतं. मुंबईच्या गुन्हेगारीत मुरलेल्या लक्ष्मण गोळे यांच्या हाती तुरुंगात गांधीजींचं आत्मचरित्र पडलं. त्यांनी न्यायालयात आपले गुन्हे कबूल केले, शिक्षा भोगली आणि सुटल्यावर ते कैद्यांपर्यंत गांधीविचार नेऊ लागले. त्यांच्यामागे मुंबई सर्वोदय मंडळ उभं राहिलं. इरुंगाट्टुकोट्टैच्या मुलामागे कोण उभं राहील?

कायद्याकडे पाहावं, तर तो अर्ध्या वाटेवर थांबतो. 2012 च्या दिल्लीतल्या बलात्कार-हत्येनंतर देश संतापला. तो संताप रास्तच होता. त्यातून आलेल्या 2015 च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवायची मुभा दिली. तरीही मुलगा एकवीस वर्षांचा झाला की तो खरोखर सुधारला का, हे बाल न्यायालयाने तपासायचं आणि पटलं तर त्याला सोडायचं, अशी सोय त्यात आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मात्र त्याच कायद्याचं कलम 24 इतर मुलांवरचा दोषसिद्धीचा डाग पुसतं आणि प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या या मुलांना त्यातून वगळतं. म्हणजे न्यायालय म्हणणार, पोरगा सुधारला. आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली की जुना गुन्हा पुन्हा समोर येणार.

न्यायालयाने पारखून सोडलेल्या मुलापुरता तरी हा अपवाद संसदेने काढून टाकावा. आणि कारखानदारांनी तोवर थांबू नये. अशा मुलांना कामावर घ्यायला आजही कोणताही कायदा आडवा येत नाही.